टाकीला कुलूप

गाडी चालू होईना म्हटलं की गिरगावात सल्ला देणाऱ्यांचा तोटा नसतो. जानेवारीतल्या त्या सकाळी ठाकुरद्वारच्या वाडीत श्यामकांत वकिलांची गाडी नुसती घरघर करून थांबत होती, आणि ज्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती असा एकेक माणूस दात घासत घासत येऊन रामजीला शिकवून जात होता. कोणी म्हणे थंडी बाधली. कोणी म्हणे इंजिन म्हातारं झालं. रामजी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. उत्तर देत नव्हता. ऐकत मात्र सगळं होता.

गाडी मूळची अमेरिकन, पेट्रोलवर चालणारी. श्यामकांतांच्या वडिलांनी, अप्पांनी, ती लढाईच्या आधी घेतली होती. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा अप्पांनीच इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवून घेतलं आणि लवकरच ते वारले. तेव्हापासून गाडी वाडीत शिरली की लॉरी आल्यासारखा आवाज होई. घराण्याच्या जमिनी गेल्या होत्या, भाड्याच्या चाळी गेल्या होत्या. दुमजली घराचा अर्धा भाग, अप्पांची तसबीर आणि ही गाडी एवढंच उरलं होतं. म्हणून गाडी विकायची गोष्ट त्या घरात कोणी काढत नसे.

डिझेलच्या गाडीला सकाळी उठवण्याची एक रीत असते. आधी हीटरचं बटण दाबून धरायचं. समोर फळीवर एक बारकी तार असते, ती लाल झाली की आत इंजिनातल्या ताराही तापल्या असं समजायचं आणि मग स्टार्टर मारायचा. रामजीची रीत याच्याही आधी सुरू होत असे. फळीवर गणपतीची लहानशी तसबीर होती. तिला उदबत्ती ओवाळायची, हात जोडायचे, मग बटण. अप्पांनी लावलेला तो शिरस्ता रामजीनं इतकी वर्षं न चुकता पाळला होता.

गेल्या डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि दादरला समुद्राकाठी हजारो लोकांनी दीक्षा घेतली. त्या गर्दीत रामजी आणि त्याची बायको जाईबाईही होती. दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर रामजीनं ती तसबीर स्वच्छ पुसली, रुमालात गुंडाळली आणि वर जाऊन श्यामकांतांच्या बायकोच्या, उर्मिलेच्या हातात दिली.

"वहिनी, ही देवघरात ठेवा. माझ्याकडनं आता व्हायचं नाय."

उर्मिलेनं तसबीर घेतली. आतून श्यामकांतांच्या आईचा, यशोदाबाईंचा आवाज आला, "काय म्हणतोय तो?"

"गणपती वर आणून दिलाय, आई."

"म्हणजे आता आपल्या गाडीला देव नाही?"

रामजी जिना उतरून खाली आला. या गोष्टीवर घरात पुन्हा कोणी काही बोललं नाही. आपण रीतसर वागलो, देव मानानं परत केला, प्रश्न मिटला, असं त्याला वाटलं.

आणि महिनाभरात गाडी रुसायला लागली.

स्टार्टर जोरात फिरे, पण इंजिन पेटत नसे. पेटलं तर मागून पांढरा धूर ओकून दोन ठोके देई आणि मरे. निवडणूक तोंडावर आली होती. श्यामकांत संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करत, आणि गाडीच्या टपावर समितीचा कर्णा बांधलेला असे. लाउडस्पीकर चालायचा गाडीच्याच बॅटरीवर. रामजीनं साहजिकच बॅटरीला दोष दिला.

"साहेब, भोंगा बॅटरी खातो. रात्री चार्जिंगला लावाय पायजे."

"समितीच्या भोंग्यानं गाडी बंद पडते होय?" श्यामकांत हसून म्हणाले. "हे काँग्रेसवाल्यांना सांगू नकोस."

बॅटरी चार्ज करून आणली. गाडी पूर्वीपेक्षा जोरात घरघरली आणि पूर्वीसारखीच थांबली. शेवटी ढकलायची वेळ आली. वाडीतली पाच-सहा माणसं धोतरं खोचून मागे लागली, रामजी आत बसला, आणि श्यामकांत वकील काळा कोट हातावर टाकून फुटपाथवर उभे राहिले. ढकलणाऱ्यांत एक तोंडाळ माणूस होता. तो म्हणाला, "रामजी, तू बाटलास, ठीक आहे. पण गाडीला कशाला बाटवलीस? बघ, आता आमचं ऐकत नाही ती."

सगळे हसले. श्यामकांत हसले नाहीत, पण त्यांनी त्या माणसाला दटावलंही नाही. आरशात रामजीला हे दोन्ही दिसलं. कोपऱ्यावर गाडी एकदाची पेटली. तोवर ढकलणाऱ्यांच्या तोंडावर पुरेसा धूर गेला होता. रामजीला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग हे रोजचंच झालं. रामजी सकाळी लवकर येऊ लागला. हीटरच्या तारा काढून घेऊन तो लालबागच्या तात्या मेस्त्रीकडे गेला. मेस्त्रीनं एकेक तार बॅटरीला लावून पाहिली. तीन लाल झाल्या, चौथी काळीच राहिली. "हीच ती," तात्या म्हणाला, आणि रामजीनं सुटकेचा श्वास टाकला. नवी तार बसवली. गाडी एक-दोन दिवस बरी चालली आणि परत तेच. पुन्हा लालबागला गेला तेव्हा तात्या मेस्त्रीनं हात वर केले. "इंजिन उघडायला लागेल. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील," तो म्हणाला. म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं.

इंजिन उघडायचं म्हणजे गाडी महिनाभर पडून राहणार, म्हणजे ड्रायव्हरही पडून राहणार. डिलाईल रोडच्या चाळीत त्याची ती एकच खोली. जाईबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, पण तिथं बदलीवर. आज काम, उद्या नाही. रामजीची ड्रायव्हरकी हाच घराचा कणा होता. शिवाय चाळीत त्याला त्या कामानं मान होता. बाकीचे कोणी गिरणीत साच्यावर, कोणी हमालीवर, कोणी शिवडीच्या गोदीत. साहेबाची गाडी ज्याच्या हवाली असते असा माणूस चाळीत तोच.

"तुमी डोळं मिटून बसलाव का झोपलाव?" जाईबाई संध्याकाळी म्हणाली. तिच्या केसांत अजून कापसाचा कचरा होता. चुलीपुढे बसून ती तो बोटांनी उपटून काढत होती.

"इचार करतोय. हवा धरत असंल."

"कोण?"

"डिझेल. नळीत हवा शिरली की ते पुढं सरकत नाय."

"मग काढा की हवा. माणसाला गॅस धरला तर काढतो तशी."

ती थट्टेत बोलली, पण सकाळी रामजीनं तेच केलं. डिझेलच्या गाळणीच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत राहिला. बुडबुडे येतील असं त्याला वाटत होतं. बुडबुडे थोडेच आले. गाळणीच्या बुडाचा बोल्ट सोडला तेव्हा मात्र आधी डिझेल आलंच नाही. त्यानं बोट लावून चोळलं. बोट बुळबुळीत झालं नाही. थेंब पेटत्या बिडीवर टाकला, तो तडतडला.

पाणी!

रामजीला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला. टाकीच्या बुडाचा बोल्ट सोडून त्यानं एका काचेच्या पेल्यात धरलं. खाली स्वच्छ पाणी, वर डिझेलचा थर. रोग सापडला होता. इंजिन उघडायचं कारण नव्हतं. रिंगा-बिंगा काही गेल्या नव्हत्या. तो पेला तसाच हातात धरून जिना चढला.

दिवाणखान्यात श्यामकांत चहा घेत होते आणि शेजारी त्यांचे मेहुणे, उर्मिलेचे भाऊ हेमचंद्र बसले होते. हेमचंद्रांची रे रोडला लाकडाची वखार होती, आणि वखारीचे दोन ट्रक होते.

"सापडलं, साहेब! हे बघा. टाकीत पाणी हाय. पाण्यानं पेटत नव्हती."

श्यामकांतांनी पेला उजेडात धरून पाहिला. "वा! म्हणजे मेस्त्रीला नाही कळलं ते तुला कळलं."

"टाकी रिकामी करतो, धुतो, नवं डिझेल भरतो. एका झटक्यात उठंल बघा."

"आणि हे पाणी टाकीत आलं कुठून?" हेमचंद्रांनी विचारलं.

खरं सांगायचं तर हा प्रश्न रामजीला पडलाच नव्हता. रोग सापडल्याच्या आनंदात तो जिना चढून आला होता. "पंपावर भेसळ असंल," तो म्हणाला. मग म्हणाला, "झाकणातनं शिरलं असंल."

"जानेवारीत? पाऊस पडतोय का बाहेर?" हेमचंद्र हसले. "श्याम, पाणी टाकीत कसं येतं ते मला विचार. माझा पहिला ट्रकवाला हेच करत होता. वरून डबाभर काढायचं, बाजारात विकायचं, आणि काटा खाली येऊ नये म्हणून पाणी ओतायचं. सगळे हेच करतात."

"मी आणून दाखवलं ना साहेब," रामजी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "चोरी केली असती तर मी कशाला पेला घेऊन वर आलो असतो?"

"मेस्त्री इंजिन उघडणार होता. तेव्हा सापडलंच असतं," हेमचंद्र म्हणाले. "त्याआधी आपणच दाखवलेलं बरं."

श्यामकांतांनी पेला टेबलावर ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. माणूस वाईट नव्हता तो. चटकन कोणाला चोर म्हणणारा नव्हता. पण रामजीच्या तोंडाकडे पाहायचं त्यांनी टाळलं. शिवी खाऊन माणूस निदान उलट बोलू शकतो. या गप्प राहण्याला रामजी काय उत्तर देणार होता?

"झालं ते झालं," शेवटी ते म्हणाले. "झाकणाला कुलूप लावून घेऊ. कोणावर संशय नको."

हेमचंद्रांनी वखारीतून कडी-कोयंडा आणि पितळी कुलूप पाठवलं. रामजीलाच ते बसवायला सांगितलं. किल्ली उर्मिलेकडे. डिझेल भरायचं झालं की रामजीनं खालून हाक मारायची, "वहिनी, किल्ली," आणि वाडीतल्या सगळ्या खिडक्यांनी ती ऐकायची.

आता खरी गंमत पुढेच झाली. कुलूप लागल्या दिवसापासून गाडी एका झटक्यात उठायला लागली. बटण दाबा, तार लाल होऊ द्या, स्टार्टर मारा, की धडधडलीच. थंडी तीच, बॅटरी तीच, भोंगा तोच. हेमचंद्र खिडकीतून ऐकून म्हणाले, "बघ, कुलपानं इंजिन सुधारलं." श्यामकांतांच्या मनात थोडी शंका उरली होती ती त्या आवाजानं गेली. टाकी त्यानं धुतली होती ते खरं, पण पाणी पुन्हा का येत नाही, या कोड्यानं खुद्द रामजी चक्रावून गेला. रोज सकाळी गाडी जितकी झटकन उठे तितका तो जास्त चोर ठरत होता. एखाद्या दिवशी तरी बंद पड, असं त्यानं मनातल्या मनात तिला विनवलंसुद्धा.

हेमचंद्रांच्या ट्रकवरचा ड्रायव्हर डिलाईल रोडलाच राहत होता. बातमी चाळीत यायला कितीसा वेळ लागणार? नळावर रांगेत जाईबाई हंडा घेऊन उभी असताना पुढची बाई दुसरीला म्हणाली, "यांना पाणी कशाला? यांच्याकडं तर डिझेल असतं." जाईबाईनं हंडा अर्धाच भरला आणि घरी आली.

"खरं सांगा," ती म्हणाली.

"तू पण?"

"मी इचारनार नाय तर कोन इचारनार?"

"नाय केली चोरी. बुद्धाची आन."

"आन नको. बुद्धानं आन घालाय सांगितलं नाय." ती भाकरी थापायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग पानी कुनी घातलं?"

"तेच कळत नाय."

"मग कळवून घ्या. नायतर हे आपल्या अंगाला चिकटलं ते जायाचं नाय."

कळलं ते आपोआप कळलं. एका सकाळी रामजी गाडी पुसत असताना जिन्यावर हळूहळू पावलं वाजली. यशोदाबाई उतरत होत्या. सोवळं नेसलेल्या, एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातात तांब्याची पंचपात्री. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केला होता. त्या खाली आलेल्या रामजीनं बऱ्याच दिवसांत पाहिल्या नव्हत्या. त्या सरळ गाडीच्या मागच्या अंगाला गेल्या.

"रामजी, हिचं तोंड उघड रे जरा."

"कशाचं तोंड, आईसाहेब?"

"गाडीचं. हे कुलूप कोणा मेल्यानं घातलं? इतके दिवस झाले, तिच्या तोंडात तीर्थ नाही गेलं. तुझ्या आधी येते मी रोज पहाटे. हल्ली नुसती येऊन परत जाते."

रामजीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "रोज घालत होता?"

"रोज. तू गणपती वर पाठवलास त्या दिवसापासून. देवांची आंघोळ झाली की त्यातलं पंचपात्रीभर. गाडीत तू बसायचास, उठायचास, आणि आता तुझा देवही नाही. कोणी तरी तिला शुद्ध ठेवायला नको? वरून शिंपडून काय होतं? पोटात गेलं पाहिजे."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. नातवाला औषध पाजतात तितक्या मायेनं बोलल्या. रामजीला त्याचाच जास्त राग आला. वर्षानुवर्षं या बाईला त्यानं डॉक्टरकडे नेलं होतं, देवळात नेलं होतं, दार उघडून हात देऊन उतरवलं होतं. तो हात धरून उतरल्यावर ती घरी जाऊन काय करत असेल, ते त्याला आता कळत होतं.

"आईसाहेब, त्या पाण्यानं गाडी बंद पडत होती. डिझेलमध्ये पाणी चालत नाय. माझ्यावर चोरीचा आळ आलाय त्यापायी."

"पाण्यानं?" यशोदाबाई पंचपात्रीकडे पाहू लागल्या. "तीर्थ आहे ते. तीर्थानं गाडी बंद पडते? काही तरीच बोलतोस." मग त्यांचा चेहरा एकदम पोरासारखा घाबरा झाला. "श्यामला सांगू नकोस हं मी उतरते ते. मला वर कोंडून ठेवतील."

जिन्याच्या वळणावर उर्मिला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सासूला हाताला धरून तिनं वर नेलं आणि परत खाली आली. तिचा चेहरा उतरला होता.

"रामजी, मी सांगते त्यांना."

"आत्ता सांगा, वहिनी."

"आज संध्याकाळची सभा आहे, त्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही. उद्या सकाळी सांगते. नक्की."

"सभा आमच्याच चाळीत हाय. म्हणून म्हणतो आज सांगा."

"एक दिवसानं काय होतं?" उर्मिला म्हणाली.

रामजीला ते पटलं. इतके दिवस काढले, अजून एक काढू. शिवाय साक्षीदार आता घरातलाच होता. तो त्या दिवशी मोकळ्या मनानं गाडी चालवत होता, कर्णा वाजवत परळहून लालबाग, लालबागहून डिलाईल रोड. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं ओरडणाऱ्या पोरांना त्यानं पायरीवर उभं राहू दिलं. दुपारी घरी डोकावून त्यानं जाईबाईला सगळं सांगितलं. ती आधी हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग तिचे डोळे भरले.

"म्हंजे आपला इटाळ धुवाय घातलं होय," ती म्हणाली. "आन् चोर आपनच."

"उद्या मिटंल."

"मिटू दे. मी सभेला पुढं बसते आज."

सभा चाळींच्या मधल्या मैदानात होती. समितीचे लोक, बाबासाहेबांच्या फेडरेशनचे लोक, लाल बावट्याचे लोक, सगळे एका फळीवर बसलेले. गच्च्या, सज्जे माणसांनी भरले होते. बायका पुढे सतरंजीवर, त्यांत जाईबाई धुवट पांढरं लुगडं नेसून बसली होती. रामजी गाडीला टेकून मैदानाच्या कडेला उभा होता.

श्यामकांत चांगलं बोलत. घरी मवाळ असलेला तो माणूस लाउडस्पीकरपुढे वेगळाच होई. ते महाराष्ट्राबद्दल बोलले, गोळीबारात गेलेल्यांबद्दल बोलले, लोकांनी टाळ्या दिल्या. टाळ्यांनी माणसाला चढते. तशी त्यांना चढली.

"कोणाचा हा महाराष्ट्र?" ते म्हणाले. "आम्हां चार शिकलेल्यांचा? नाही. शतकानुशतकं ज्यांना आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांचा तो आधी आहे. नुसतं बोलत नाही मी. तुमच्याच चाळीतले रामजी माझ्या गाडीवर आहेत. मध्यंतरी त्यांच्या हातून एक चूक झाली. तुमच्या कानावर आलंच असेल. लोक मला म्हणाले, काढून टाका. मी म्हटलं, नाही! ज्यांना आम्ही इतकी वर्षं उपाशी ठेवलं त्यांच्या डबाभर डिझेलचा हिशेब मागणारा मी कोण? मी त्यांना माफ केलं आहे. उदार मनाचा महाराष्ट्र आपल्याला घडवायचा आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रामजीचीच माणसं टाळ्या वाजवत होती. काहींनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला पाहून आणखी वाजवल्या, कौतुकानं. रामजीला वाटलं, मधे घुसावं, तो कर्णा ओढून घ्यावा आणि सांगावं. पण काय सांगणार? माझ्या साहेबाची म्हातारी आई टाकीत देवाचं पाणी ओतते? हसले असते लोक. चोरानं चांगली गोष्ट रचली म्हणाले असते. तो जागचा हलला नाही. पुढे सतरंजीवरून जाईबाई उठली, बायकांमधून वाट काढत चाळीकडे गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

सभा संपल्यावर श्यामकांत घामानं भिजलेले, खूश, गाडीत येऊन बसले. भोवती गर्दी. रामजीनं बटण दाबलं, तार लाल झाली, आणि गाडी एका झटक्यात उठली. "आता कशी बरोबर चालू होते!" कोणी तरी म्हणालं, आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी उर्मिलेनं शब्द पाळला. श्यामकांतांनी रामजीला वर बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं. असं कधी झालं नव्हतं. चहा आला. श्यामकांतांचे डोळे तांबारले होते.

"रामजी, माझी चूक झाली. मोठी चूक झाली. तू चोर नाहीस."

"मग सांगा, साहेब."

"सांगितलं की."

"मला कशाला? मला ठाऊकच होतं. जिथं बोललात तिथं सांगा. चाळीत."

श्यामकांत उठून खिडकीपाशी गेले. "कसं सांगू? मतदानाला किती दिवस उरलेत? तुमचे लोक आणि आमचे लोक कुठे आत्ता एका फळीवर बसायला लागलेत. तिथं उभा राहून मी म्हणू, माझ्या आईनं तुमच्या माणसाचा विटाळ काढायला टाकीत तीर्थ घातलं? पलीकडचे दुसऱ्या दिवशी चाळीचाळीत सांगत फिरतील. समितीचं काय होईल? महाराष्ट्राचं काय होईल?"

रामजीनं चहाचा कप खाली ठेवला. एका पंचपात्रीवर एवढा सगळा महाराष्ट्र अडून बसला असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"निवडणुका झाल्या की बघू," श्यामकांत म्हणाले. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आणखी एक. आईनं कालपासून अन्न घेतलेलं नाही. म्हणते, अप्पांची गाडी बाटली. तिची छाती तुला माहीत आहे. आता चोरून उतरायला नको, मी हाताला धरून आणीन तिला. तू फक्त झाकण उघडून दे. घालू दे तिला काय ते. ती वर गेली की तू खालचा बोल्ट सोडून काढून टाक. तुला ते जमतंच. म्हातारं माणूस आहे, किती दिवसांचं राहिलंय?"

हे त्यांनी अगदी मनापासून मागितलं. आपण काय मागतो आहोत ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"उद्या सांगतो," रामजी म्हणाला.

घरी जाईबाई चटईवर बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सोडून देतो काम," रामजी म्हणाला. "पण सोडलं तर लोक म्हणतील, काढला. चोर पक्का झाला. राहिलो तर निदान..."

"निदान काय? माफी मिळालेला चोर."

"काय करू मग?"

"लोक चोर म्हनतात ते लोकांच्या तोंडचं हाय," जाईबाई म्हणाली. "त्याला तुमी काय करनार, मी काय करनार? पन झाकन उघडून आपलाच इटाळ काढाय पानी घ्यायचं, ते तुमच्या हातचं हाय. ते नका करू."

सकाळी रामजी नेहमीसारखा गेला. तेल तपासलं, पाणी तपासलं, गाडी चालू करून गरम होऊ दिली आणि बंद केली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर श्यामकांत आईला धरून उभे होते. यशोदाबाईंच्या हातात पंचपात्री होती. उर्मिलेनं टाकीची किल्ली पुढे केली.

"उघडतोस ना?" म्हातारीनं विचारलं.

"नाय, आईसाहेब."

त्यानं गाडीची किल्ली त्या किल्लीशेजारी उर्मिलेच्या तळहातावर ठेवली. श्यामकांत काही तरी म्हणत होते, समितीचं, इतक्या वर्षांचं, घरच्या माणसाचं. रामजी वाडीबाहेर पडला आणि चालत चालत डिलाईल रोडला आला.

नळाशी हेमचंद्रांचा ट्रकवाला दाढी करत बसला होता. एवढ्या सकाळी रामजीला परत आलेला पाहून त्यानं वस्तरा थांबवला. "काढलंन वाटतं अखेर? माफ केलं म्हणत होता ना?"

"मी सोडलं," रामजी म्हणाला.

ट्रकवाल्यानं मान हलवली, समजूतदारपणे. पुढे अनेकांनी विचारलं. रामजीनं सगळ्यांना हेच उत्तर दिलं, आणि सगळ्यांनी तशीच मान हलवली. ड्रायव्हरचं काम त्याला परत मिळालं नाही. चौकशी करायला कोणी श्यामकांत वकिलांकडे गेलं, की ते "माणूस चांगला आहे" एवढंच म्हणत आणि थांबत. ते थांबणंच लोक लक्षात ठेवत. तो शिवडीला गोदीत ओझी उचलायला लागला.

तीन वर्षांनी महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत रोषणाई होती. पोरं ताशे बडवत होती. समितीतले लोक खोलीखोलीला पेढे वाटत फिरत होते, आणि सगळ्यांचा राग-लोभ त्या दिवशी खरोखरच विसरला गेला होता. जाईबाईच्या दाराशी पेढेवाला थांबला, हसला, आणि अगदी प्रेमानं आत हाक मारून म्हणाला, "डिझेलवाले आहेत का घरात?"

"गोदीत गेलेत," जाईबाई म्हणाली. तिनं पेढा घेतला नाही. दार लावून घेतलं.